खिडकीसमोरची खुर्ची

ओटाहुहु, ऑकलंड
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय प्राची,

सप्रेम नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण तू माझ्याहून लहान आहेस हे मी अजून विसरलेले नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल. नितीशची पाठ मधूनमधून कुरकुरते, आणि तीच कुरकुर नंतर तो माझ्यापाशी करतो. अनुष्का रोज युनिव्हर्सिटीत जाते, म्हणजे तसं ती आम्हाला सांगते. शार्दूल आणि तुमचा नील बरे असतील. ख्राइस्टचर्चची थंडी मात्र अजून तळ ठोकून असणार.

कागदावरचं पत्र बघून तू चक्रावली असशील. मोबाइलवर बोटं आपटत बसायचा मला कंटाळा आलाय. शिवाय अनुष्काच्या खणात हे जाड काळं पेन सापडलं, त्याने लिहायला मजा येते. अक्षर जरा मोठं येतंय आणि कागद जास्त लागतोय, तेवढं चालवून घे.

आता मुख्य विषय. फ्रान्सच्या दक्षिणेला खेड्यात दोन आठवडे राहायचं, हे आपण शिकत असताना फ्लॅटवर एकत्र राहायचो तेव्हापासून म्हणतोय. परवा तू फोनवर म्हणालीस, "विनी, पन्नाशी आली, आता गेलो नाही तर काठ्या घेऊन जावं लागेल." मला ते पटलं. राहायची जागा शोधायचं काम मी स्वतःकडे घेतलं आणि तीन घरं काढली.

पहिलं घर तुझ्या मनातलं. गावाबाहेर, द्राक्षाच्या मळ्यात, दगडी, पोहायचा तलाव वगैरे. पण दुकानापासून लांब, म्हणजे गाडी हवी. त्या चिंचोळ्या रस्त्यांवर, उलट्या बाजूने, गाडी कोण चालवणार? तू म्हणशील, एका दमात वेलिंग्टन गाठणारी तूच ना. तेव्हा वय होतं. आणि तुला सांगायचं राहिलं, माझी गाडी आम्ही जुलैत विकून टाकली. स्टेशन चालत जाण्यासारखं आहे, ट्रेनने शहरात जायला बरं पडतं, पार्किंगची कटकट नाही. ऑफिसही मी आता आठवड्यातून तीनच दिवस ठेवलंय. म्हणून हे घर बाद.

दुसरं घर एका वाइनवाल्याच्या माडीवर. अनुष्काने सगळी माहिती वाचून दाखवली. वर जायला गोल फिरत जाणारा दगडी जिना, त्याला कठडा नाही. फोटोत म्हणे फार देखणा दिसतो. देखणा असेल, पण सकाळी झोपेत उतरताना आपली हाडं कोण गोळा करणार? तेही बाद.

तिसरं घर मादाम रूसेल नावाच्या बाईंचं. नीम शहराहून छोट्या ट्रेनने तासाभराच्या अंतरावर एक गाव आहे. स्टेशन जवळ, पावाची भट्टी त्याच गल्लीत, आणि घर तळमजल्यावर. झोपायची खोली एकच, पण पलंग दोन. स्वयंपाकघर स्वतंत्र, म्हणजे वरणभाताचा प्रश्न मिटला. कुकर तू आण, मेतकूट आणि गोडा मसाला मी आणते. मादामनी मोठ्या आपुलकीने लिहिलंय की स्वयंपाकघरात लाकडं घालायची लोखंडी शेगडी आहे, आणि खिडकीपाशी दोघांपुरतं टेबल. शेगडीचं आपण काय करणार, भर उन्हाळ्यात जातोय. पण टेबल मला आवडलं.

तर मी पाच जानेवारीपासून दोन आठवडे ते घर धरलंय. आपली नेहमीची उन्हाळ्याची सुट्टी, तुझं ऑफिसही तेव्हा बंदच असतं. मादामनी दोनदा विचारलं, जानेवारीच नक्की ना? जानेवारीत गाव फार शांत असतं म्हणाल्या. सगळे समुद्रावर जात असतील. आपल्याला शांतताच हवी आहे. पोहायचे टॉग्ज आणि पायात घालायला जँडल्स भरून ठेव.

ते चित्र आठवतं? कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या भाईंनी कॅलेंडर दिलं होतं. दूध, ब्रेड, काड्यापेट्या विकणाऱ्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, हेच आपल्याला नवीन होतं तेव्हा. त्यातलं एक पान आपण फाडून, खालच्या तारखा कापून, भिंतीवर बुरशी आली होती तिथे लावलं. दगडी घर, निळ्या खिडक्या, पुढे जांभळं शेत. खाली छापलं होतं 'दक्षिण फ्रान्स'. तू पेट्रोलपंपावरची पाळी संपवून यायचीस, तो जाड कोट न काढता त्याच्यासमोर उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "आज मी त्या घरात जेवणार." मग आपण उभ्यानेच मॅगी खायचो. बुरशी पुढे चित्राच्या कडेने बाहेर आली, तरी आपण ते काढलं नाही.

उत्तर व्हॉइस मेसेजने दे. फोटो पाठवू नकोस, माझा फोन भरलाय. तुझ्या बागेत काय आलंय, केस अजून रंगवतेस का, हे सगळं बोलून सांग. तू सांगितलेलं मला जास्त आवडतं.

खिडक्या निळ्या आहेत का ते मादामला विचारायचं राहिलं, एवढी एकच हुरहूर असलेली,
तुझी विनी


ओटाहुहु
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय प्राची,

आज पहाटे घड्याळं एक तासाने पुढे सरकली, आणि आमच्या घरातली अर्धी अजून मागेच आहेत. हे लिहितेय तेव्हा मायक्रोवेव्ह आणि नितीश यांचं एकमत नाही. बाकी सगळे ठीक.

तुझा मेसेज मी तीनदा ऐकला. पहिल्यांदा तुझ्या हसण्यात शब्दच ऐकू येईनात. मग कळलं. "विनी, अगं बाई, जानेवारीत तिथे विंटर असतो. तू टॉग्ज घालून शेकोटीपुढे बसणार आहेस का?" मी सोफ्यावर बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. भूगोलात मला पैकीच्या पैकी असायचे, हे बाबा सगळ्या पुण्याला सांगत. पंचवीस वर्षं या देशात राहिलं की उन्हाळा म्हणजे ख्रिसमस हे डोक्यात असं पक्कं बसतं की पृथ्वी गोल आहे हेच आठवत नाही. अनुष्काने सगळं वाचून दाखवलं, तिलाही काही खटकलं नाही. ती तर इथेच जन्मली, तिच्या लेखी जानेवारीत ऊन पडायलाच हवं. बिचाऱ्या मादामनी दोनदा विचारलं ते का, ते आता समजलं.

तुझं पुढचं बोलणंही ऐकलं. जूनअखेर जाऊ, तेव्हा शेतं जांभळी होतात. गावाबाहेरचं ते मोठं घर घेऊ, सगळ्यांनाच नेऊ, शार्दूल, नील, नितीश, अनुष्का. "हीप्स ऑफ रूम आहे, गाडी शार्दूल चालवेल, स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त." नितीशलाही ते पटलं. त्याला कुठेही तलावाकाठची आरामखुर्ची दिली की पटतं.

पण प्राची, मी जानेवारीच ठेवलाय.

चूक खरीच होती, मुद्दाम नव्हती. पण चूक कळल्यावर ती दुरुस्त करावीशी वाटली नाही. मादामना लिहून विचारलं, तर त्या म्हणतात थंडी असते पण ऊन स्वच्छ पडतं, भट्टी चालू असते, आणि नशीब असेल तर महिनाअखेरीला एखाद्या बदामाला फूल दिसतं. आपण अठरा-एकोणीसला निघू, म्हणजे फूल काही दिसणार नाही. तरी असू दे. जूनमध्ये गर्दी असते. ऊन फार. माशा असतात. मोठ्या घरात दोन आठवडे भांडी कोण घासणार, हाही प्रश्न आहेच.

ही कारणं वाचून तू ओठ मुडपले असशील. मला ठाऊक आहे. फ्लॅटवर तुझं ड्रॉइंग चुकलं की तू तसंच करायचीस. खालचा ओठ आत, आणि डावी भुवई जरा वर. समोर बसून बसून मला पाठ झालं होतं.

दोन खोल्या आणि हीटर एकच होता आपल्याकडे. सुरुवातीला तो पाळीपाळीने इकडून तिकडे न्यायचो, मग कंटाळून दोन्ही पलंग एकाच खोलीत ओढले. घडीचं टेबल खिडकीपाशी, हीटर टेबलाखाली, वरून आईने दिलेली सोलापुरी चादर खालपर्यंत सोडलेली. आत चार पाय, वर दोन डोकी. एका बाजूला तुझे पूल आणि तुळया, एका बाजूला माझे हिशेब. चादरीला एकदा भोक पडलं, जळाल्याचा वास आला, आणि आपण दोघी खिडकी उघडून ती झटकत बसलो. खालच्या मजल्यावरच्या सामोअन काकू धावत वर आल्या आणि त्यांनी आपल्याला आधी पोटभर झापलं, मग गरम कोको दिला. त्या वर्षाइतकी थंडी मला नंतर कधी वाजली नाही आणि त्या वर्षाइतकं बरंही कधी वाटलं नाही. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

मादामच्या शेगडीचं आता मला कौतुक वाटायला लागलंय.

मघाशी अनुष्का डोकावून गेली. "आई, इज दॅट टू प्राची मावशी? डिड यू टेल हर?" मी म्हटलं, काय सांगायचं? "यू नो व्हॉट, आई." मी तिला चहा टाकायला पाठवलं. आजकालची मुलं उगाच प्रत्येक गोष्टीचा गाजावाजा करतात.

तुझं तिकीट काढ. जूनमध्ये तुम्ही सगळे पुन्हा जा, मी अडवत नाही. हे दोन आठवडे मला दे. फक्त आपण दोघी.

हट्ट करण्याचा हक्क आहे असं अजून समजणारी,
तुझी विनी


ओटाहुहु
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्राची,

उद्या पहिली आंघोळ. दिवाळीच्या शुभेच्छा तुम्हा तिघांना. चकल्या या वर्षी नितीशने पाडल्या, म्हणून त्यांचे आकार विचारू नकोस. चव चांगली आहे, डबा उद्या कुरिअरने निघेल.

तुझा मेसेज काल आला. तू हसत नव्हतीस. "विनी, सरळ सांग. शार्दूलचं काही खटकलं का तुला? की माझ्याच घरच्यांचा कंटाळा आलाय? एवढी वर्षं वेळ नव्हता, आता जून चालत नाही, मोठं घर चालत नाही, गाडी चालत नाही, माझे फोटोसुद्धा नकोत. मला काही समजत नाहीये. मी मादामला मेल टाकते आणि जानेवारी कॅन्सल करते." शेवटी तुझा आवाज कापला. ख्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर तू मला फोन केला होतास, तेव्हाही तो असा कापला नव्हता.

शार्दूलचं काहीही खटकलेलं नाही. तो सोन्यासारखा माणूस आहे, फक्त गाडीत गाणी म्हणतो. तुझा कंटाळा येण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. सांगते. अनुष्का शेजारी बसलीय आणि सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हणते.

गेल्या महिन्यात मी स्टेशनवर उभी होते. सकाळची वेळ, चांगलं ऊन. समोर एक मुलगी येऊन थांबली, निळं जॅकेट, पाठीला बॅग. मला बोर्डावरचं वाचता येईना म्हणून मी तिला विचारलं, "एक्स्क्यूज मी, इज दिस ट्रेन फॉर द सिटी?" ती म्हणाली, "आई?" आधी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती तिथे, सगळ्या लोकांसमोर, माझ्या गळ्यात पडून रडली. मी माझ्या पोरीला रस्ता विचारला, प्राची. जॅकेट मला दिसत होतं. बॅग दिसत होती. चेहऱ्याच्या जागी धुरकट काहीतरी होतं.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. दोन वर्षं झाली. आधी अक्षरं वाकडी दिसायची, मग ओळीतून शब्द गळायला लागले. गाडी त्यासाठीच विकली. ऑफिसचे दिवस त्यासाठीच कमी केले. हे जाड पेनसुद्धा अनुष्काच्या खणात सापडलं नव्हतं, मी सांगून आणवलंय. सगळे उपचार चालू आहेत, तू लगेच डॉक्टर शोधायला बसू नकोस. मी आंधळी होणार नाही. कडेचं सगळं दिसत राहणार, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी चालू शकेन, दार, आकाश, झाड, समुद्र दिसेल. फक्त ज्याच्याकडे नीट बघावं, नेमकं तेच दिसणार नाही.

दिवस सारखे नसतात. काही दिवशी, चांगला उजेड असला आणि माणूस अगदी जवळ, टेबलाएवढ्या अंतरावर बसलं की अजून दिसतं. परवा नितीशच्या हनुवटीवरची जुनी खूण दिसली आणि मी चहा गार होईपर्यंत बघत बसले. हे किती दिवस राहील ते कुणी सांगत नाही. जूनपर्यंत राहीलही. नाही राहिलं तर?

म्हणून जानेवारी. जांभळी शेतं मला जूनमध्ये दिसतील, त्याच्या पुढच्या जूनमध्येही दिसतील, ती कडेने दिसतात. माणूस कडेने दिसत नाही.

तुला आधी का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी विमानाने आली असतीस आणि दारात उभी राहून रडली असतीस. मग मला शेवटचा नीट दिसलेला तुझा चेहरा तो राहिला असता. मला तो नको होता. मला माझ्यावर वैतागलेली, वरणात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करणारी, ओठ मुडपून नकाशा बघणारी प्राची हवी होती. तुझ्या नकळत बघून घेणार होते आणि परत येताना विमानात सांगणार होते. आता ते जमणार नाही. जे रडायचं ते तिथे ख्राइस्टचर्चमध्ये रडून घे. शार्दूल आहे, तो गाणं म्हणून तुला गप्प करील. इकडे येशील ती कोरड्या डोळ्यांनी ये.

मला भीती वाटते. नितीशला हे सांगितलं नाही, तुला सांगते. अंधाराची नाही वाटत. आपली माणसं आवाजावरून ओळखायची आणि त्यांची तोंडं मनातल्या मनात जुनीच ठेवायची, याची वाटते. तुझं तर माझ्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीचंच आहे. मधे आपण भेटलो, लग्नांना, बारशांना, एअरपोर्टवर, पण तेव्हा नीट बघितलं कुणी? माणूस समोर असतं, दिसत असतं, म्हणून कुणी बघत नाही. वयाने तुझं काय काय केलंय ते मला बघायचंय. केस रंगवू नकोस. आहेस तशी ये.

मादामना काल मी फोन केला, अनुष्काने लावून दिला. त्यांचं इंग्रजी माझ्या फ्रेंचइतकंच आहे, पण आमचं जमलं. खिडक्या निळ्या नाहीत, हिरव्या आहेत. मी म्हटलं चालेल. मग मी विचारलं, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का? येतं म्हणाल्या, थेट टेबलावर, जानेवारीत सूर्य खाली असतो म्हणून तर जास्तच आत येतं. उन्हाळ्यात समोरच्या झाडाला पानं आली की तिथे सावली असते. ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना मराठीतच "बरं झालं बाई" म्हणाले, आणि त्या "उई, उई" म्हणाल्या.

फ्लॅटवरच्या त्या टेबलाशी खिडकीसमोरची खुर्ची कायम मी घ्यायचे. मला बाहेर रूळ दिसायचे, मालगाड्या दिसायच्या. तू खिडकीकडे पाठ करून बसायचीस आणि रोज कुरकुरायचीस की तुझ्या वाट्याला नुसती बुरशीची भिंत आणि मी. तेव्हा उजेड तुझ्या मागून यायचा. वर्षभर तुझ्यासमोर बसले आणि तो ओठ, ती भुवई सोडली तर तुझं तोंड सगळं अंधुकच आठवतंय. आत्ता लिहिताना हे लक्षात आलं.

कॅन्सल करू नकोस. कुकर विसरू नकोस. स्वेटर दोन घे, टॉग्ज घरी ठेव. शेगडी पेटवायचं काम तुझं, पुलांची इंजिनीअर आहेस, लाकडं कशी रचायची ते तुला जमेल. पहिल्या सकाळी मी चहा करीन, आपल्या पद्धतीचा, आलं घालून.

आणि खिडकीसमोरची खुर्ची या वेळी तू घे. पाठ करून मी बसते.

ऊन तुझ्या तोंडावर येईल, डोळे बारीक होतील, तरी हलू नकोस. बसून राहा जरा.

तुझी विनी